फाइन आर्ट्सच्या सर-मॅडमना खुलं पत्र: चित्रासमोर थांबा आणि कारण सांगा

सर, मॅडम, नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कॉलेजला नाहीये. फाइन आर्ट्सच्या डिग्रीला शिकवणाऱ्या, सिलॅबस ठरवणाऱ्या आणि जूरीला बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. मी पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा कोर्स कुठे तीन वर्षांचा असतो कुठे चार, कुठे पहिलं वर्ष फाउंडेशन म्हणून सगळ्यांना एकत्र शिकवतात आणि मग पेंटिंग, स्कल्प्चर, प्रिंटमेकिंग अशा वाटा फुटतात, कुठे पहिल्या दिवसापासूनच स्टुडिओ वेगळे. पण एक गोष्ट सगळीकडे असतेच, ती म्हणजे क्रिट. भिंतीला काम लावायचं, शेजारी उभं राहायचं आणि तुम्ही काय बोलताय ते ऐकायचं. मला त्याबद्दलच बोलायचंय आणि मागणी एकच आहे, चित्रासमोर थांबा आणि जे वाटतंय त्याचं कारण सांगा.

आता एवढीशी गोष्ट, त्यासाठी पत्र कशाला, असं वाटेल कुणाला. पण आमच्या कोर्सला पाठ करायला काही नाही. आर्ट हिस्टरी, एस्थेटिक्सचे पेपर असतात, ते वाचून देता येतात. स्टुडिओत जे शिकायचं त्याचं उत्तर मात्र कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नाही. रंग कसा मिसळायचा, कॅनव्हास कसा ताणायचा, रंगाआधीचा गेसोचा पांढरा थर कसा लावायचा हे व्हिडिओ बघून कळतं, खरंच चांगले व्हिडिओ आहेत, तेवढ्यासाठी आयुष्यातली तीन-चार वर्षं द्यायची गरज नाही. डिग्रीला येऊन जे मिळतं आणि घरी बसून मिळत नाही ते म्हणजे एका जाणत्या माणसाने माझ्या कामासमोर उभं राहून ते नीट बघणं आणि त्याला काय दिसलं ते मला सांगणं. माझ्या मते कोर्सचा सगळ्यात मोठा भाग हाच आहे. आणि तोच सिलॅबसच्या कागदावर धड लिहिलेला नसतो, म्हणून वेळ कमी पडला की पहिलं गंडांतर त्याच्यावर येतं.

सबमिशनचा दिवस आठवून बघा. सकाळपासून सगळे कामं लावतायत, कुणाचा खिळा भिंतीत शिरत नाहीये, कुणाचा ऑइलचा थर अजून ओला आहे म्हणून तो कुणाला जवळ येऊ देत नाहीये, कुणी रात्रभर झोपलेलं नाही. मग तीन-चार जणांचं पॅनल येतं. एकेका कामासमोर दोन-तीन मिनिटं. एक जण म्हणतात "जमून आलं नाही", दुसऱ्या मॅडम मान हलवतात, तिसरे कागदावर काहीतरी लिहितात आणि पुढच्या भिंतीकडे जातात. काही दिवसांनी मार्क लागतात. ते का पडले, कशाचे पडले, शेजारच्यापेक्षा कमी का, जास्त का, हे कुणालाच कळत नाही, ज्याला जास्त पडले त्यालाही कळत नाही, आणि ते तर जास्त वाईट, कारण तो पुढच्या सेमिस्टरला डोळे मिटून तेच करत राहतो.

"अजून पुश कर." "अजून एक्स्प्लोर कर." "स्ट्राँग नाहीये." "वर्क होत नाहीये." ही वाक्यं आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकतोय. पुश करायचं ते कुठल्या दिशेने? मोठं करून, कमी करून, मटेरियल बदलून, की हा विषयच सोडून? सांगणाऱ्याच्या मनात काहीतरी नक्की असणार हो, इतकी वर्षं चित्रं बघितलेल्या माणसाला उगाच तसं वाटत नाही. पण ते मनातलं आमच्यापर्यंत पोचतच नाही, पोचतो फक्त निकाल.

कारण सांगितलं की काय होतं ते आमच्या वर्गात एकदा सगळ्यांनी बघितलंय. एका मुलीचं चित्र होतं, खोलीचं. मोठी राखाडी भिंत, एका बाजूला खिडकी, रिकामा पलंग आणि खाली उजव्या कोपऱ्यात पडलेलं एक नारिंगी कापड. आधीच्या क्रिटमध्ये तिला सांगितलं होतं "रिकामं वाटतंय". मग तिने बिचारीने खुर्ची घातली, भिंतीवर घड्याळ घातलं, खाली चपला रंगवल्या, आणि चित्र आणखीनच वाईट झालं, आणि तरी ते रिकामं ते रिकामंच. नंतर बाहेरून एक चित्रकार शिकवायला आले होते, ते त्या चित्रासमोर बराच वेळ काही न बोलता उभे राहिले, म्हणजे आम्हाला अवघडायला लागलं इतका वेळ. मग जवळ गेले आणि त्या नारिंगी कापडावर तळहात ठेवला. आता बघा, म्हणाले. आणि आम्हाला ती भिंत पहिल्यांदा दिसली! त्या एका राखाडीत तीन राखाडी होत्या, खिडकीजवळची निळसर, मधली कोमट, पलंगामागची जरा हिरवट, आणि उजेड तिथून हळूहळू उतरत होता. त्यांनी हात काढला की नजर घसरून परत कोपऱ्यात. मग त्यांनी सांगितलं की या चित्रात सगळ्यात चढा रंग तो आहे, सगळ्यात धारदार कडा त्याच्याच आहेत आणि तो चौकटीच्या अगदी कोपऱ्यात आहे, त्यामुळे डोळा आधी तिथे जातो आणि तिथूनच चित्राबाहेर पडतो, भिंतीपर्यंत कुणी पोचतच नाही. भिंत रिकामी नव्हतीच. आणि मग विचारलं, तुला काय हवंय, कापड की भिंत? दोन्ही चालतील, पण ठरव.

तिने भिंत निवडली. कापडाचा रंग उतरवला, कडा मऊ केल्या, खुर्ची-घड्याळ पुसून टाकलं. पण ते सोडा, मला सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने स्वतःच्या चित्रावर तळहात ठेवून बघितला. अजूनही ठेवतात. एकीच्या चित्राचं कारण सांगितलं आणि अख्खा वर्ग शिकला. "रिकामं वाटतंय" या वाक्यातून कुणीच काही शिकलं नव्हतं, आणि खरं तर दोघांनाही तेच दिसलं होतं ना, एकाने फक्त आपल्याला काय झालं ते सांगितलं आणि दुसऱ्याने ते का झालं ते शोधून दाखवलं.

मटेरियलच्या बाबतीत तर कारण न सांगणं म्हणजे सरळसरळ अन्याय आहे. एका मित्राच्या ऑइल पेंटिंगला काही महिन्यांत केसासारख्या भेगा पडल्या. शेरा मिळाला, क्राफ्ट वीक आहे, मार्क गेले. तो समजला आपला हातच जड आहे. नंतर स्टुडिओ सांभाळणाऱ्या दादांनी उभ्या उभ्या सांगितलं की तू खाली आयव्हरी ब्लॅकचा जाड थर दिलास, तो भरपूर तेल पितो आणि फार हळू सुकतो, आणि त्यावर बर्न्ट अंबर हा तपकिरी घातलास, त्यात मँगनीज असतं, ते तेल भराभर सुकवतं, म्हणजे वरचा थर कडक झाला आणि खालचा अजून हलतोय, मग वरचा तडकणारच. याच्यासाठीच जुना नियम आहे, फॅट ओव्हर लीन, खाली कमी तेलाचे, लवकर सुकणारे थर आणि वर जास्त तेलाचे. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं जूरीत कुणी दिली असती तर त्याने पुढचं अख्खं वर्ष ऑइलला हात लावायला घाबरत काढलं नसतं.

लाइफ ड्रॉइंगचंही सांगते. मॉडेल उभं असतं, पोझ संपत आलेली असते, सर येतात, आमच्या हातातून चारकोल घेतात आणि आमच्याच ड्रॉइंगवर रेघ मारून खांदा नीट करून जातात. खांदा नीट होतो हे खरंय. पण चुकला कुठे होता ते कळायच्या आत तो पुसला गेलेला असतो. माझी विनंती आहे की आमच्या ड्रॉइंगवर ड्रॉइंग करू नका, शेजारी मार्जिनमध्ये काढून दाखवा आणि तोंडाने सांगा. एका मॅडमनी मला विचारलं होतं, वजन कुठल्या पायावर आहे? मग मानेच्या खळगीतून एक उभी रेघ सोडायला सांगितली, प्लम्ब लाइनसारखी, एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसात ती रेघ त्याच पायाजवळ उतरते. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती दोन्ही पायांच्या मध्ये हवेतच उतरत होती, म्हणून माणूस पडतोय असं दिसत होतं. त्यांनी माझ्या कागदाला हातसुद्धा लावला नाही. पण त्यानंतर बस स्टॉपवर उभा असलेला माणूससुद्धा मी त्या रेघेशिवाय बघू शकत नाही.

तुम्ही म्हणाल कलेत प्रत्येक गोष्टीचं कारण देता येत नाही. मान्य आहे, शंभर टक्के मान्य. पण जितकं देता येतं तितकं तरी दिलं जातंय का? चित्रकार जोसेफ आल्बर्स जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत फाउंडेशनच्या मुलांना शिकवायचे, म्हणजे १९२३ नंतरची गोष्ट, शाळा सुरू झाली होती १९१९ ला वायमारमध्ये. त्यांच्या एका विद्यार्थ्याने, हानेस बेकमानने, त्यांच्या पहिल्या तासाची आठवण लिहून ठेवलीय. आल्बर्सनी वर्गात सगळ्यांना वर्तमानपत्रं वाटली, यातून काहीतरी करा, कागद वाया घालवू नका म्हणून सांगितलं आणि निघून गेले. परत आले तेव्हा मुलांनी किल्ले, विमानं, प्राणी असलं बरंच काय काय केलेलं होतं. आल्बर्सनी ते बघितलं आणि म्हणाले की हे सगळं दुसऱ्या कुठल्याही मटेरियलमध्ये याच्यापेक्षा बरं झालं असतं. आणि मग एका मुलाचं काम दाखवलं, ज्याने कागद नुसता उभा दुमडून पडद्यासारखा जमिनीवर उभा केला होता, बस. इथवर सांगून ते थांबले असते तर तोही एक निकालच झाला असता. पण त्यांनी पुढे सांगितलं की कागद मऊ असतो, घडीने त्याला ताठपणा आला, इतका की तो आपल्या सगळ्यात बारीक कडेवर उभा राहिला, आणि टेबलावर पडलेल्या कागदाची एकच बाजू दिसते, याच्या दोन्ही बाजू दिसतायत. विचार करा, किल्ला करणाऱ्या मुलाला त्या वेळी काय वाटलं असेल. वाईट वाटलंच असणार. पण त्याला काय करायचं ते कळलंसुद्धा. त्याला नाकारलं ते कारणासकट नाकारलं.

पुढे अमेरिकेत, १९३३ पासून ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये आणि १९५० पासून येल विद्यापीठात, त्यांचे रंगाचे एक्सरसाइझ असायचे. एकच रंगीत कागद घ्या, त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या रंगांवर ठेवा आणि ते दोन वेगळे रंग दिसले पाहिजेत. जमलं की वर्गातल्या सगळ्यांना दिसतं, नाही जमलं तरी सगळ्यांना दिसतं, सरांच्या आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. असे एक्सरसाइझ आम्हालाही फाउंडेशनला असतात, पण पुढच्या वर्षांत कामं स्वतःची व्हायला लागली की ही सवय कुठे जाते कळत नाही. खरं तर तेव्हाच तिची जास्त गरज असते.

मला वाटतं निकाल द्यायची ही सवय फार जुनी आहे, आपल्या सगळ्यांच्या आधीची. पॅरिसची रॉयल अकॅडमी, म्हणजे राजाश्रयाची कलासंस्था, १६४८ ची. तिथे आधी ड्रॉइंगवरून ड्रॉइंग, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, मग मॉडेल, अशी पायरी पायरीने चढण होती आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी वरचा माणूस हो किंवा नाही म्हणणार. प्री द रोम नावाचं बक्षीस १६६३ ला सुरू झालं आणि थेट १९६८ पर्यंत चाललं, त्यात शेवटच्या फेरीच्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांमध्ये बसवून, सुरुवातीला केलेल्या स्केचपासून फार न हलता चित्र पूर्ण करायला लावायचे आणि जूरी निवडणार. शिकवणं आणि निवडणं ही दोन कामं तिथे एकत्र शिवली गेली ती आजपर्यंत सुटलेली नाहीत. आमचं सबमिशन बघितलं की मला तेच दिसतं.

आणि जिथे कारण सांगावं लागत नाही तिथे कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हेही न बोलता ठरत जातं. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ ला स्थापन झाली तेव्हा अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोघी चित्रकार संस्थापक सदस्य होत्या. योहान झोफनी या चित्रकाराने नंतर सदस्यांचं एकत्र चित्र काढलं, लाइफ क्लासमधलं, समोर मॉडेल, भोवती सगळे पुरुष, आणि या दोघी कुठे, तर भिंतीवर टांगलेल्या दोन पोर्ट्रेटमध्ये. कारण नग्न मॉडेल असलेल्या खोलीत बायकांनी असणं चालत नव्हतं. त्यांच्यानंतर तिथे पूर्ण सदस्य म्हणून पुढची बाई निवडली गेली ती १९३६ ला, लॉरा नाइट. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कला शाळेने मुलींना प्रवेश दिला १८९७ ला. इतकी वर्षं मुलींना मॉडेलसमोर बसूच द्यायचं नाही आणि मग त्यांना माणसांची मोठी चित्रं जमत नाहीत असं म्हणायचं. हे मी जुनी भांडणं उकरायला सांगत नाहीये. आजच्या क्रिटमध्येसुद्धा "हे फार डेकोरेटिव्ह आहे", "हे फार पर्सनल आहे", "हे क्राफ्टकडे जातंय" असं म्हटलं जातं तेव्हा त्याच्यामागे कुणी कधी न तपासलेलं काहीतरी बसलेलं असू शकतं. कारण उघड बोललं तर ते तपासता येतं, तुम्हालाही आणि आम्हालाही. मी विणकाम वापरून काम करते म्हणून मला हे जास्त जाणवत असेल, पण मी एकटी नाहीये.

कडक क्रिटबद्दलही बोलायला पाहिजे. आमच्यात एक समज आहे, आणि तो तुमच्याकडूनच आलाय, की ज्याला क्रिटमध्ये रडवलं तो पुढे चांगला चित्रकार होतो. आम्हालाही असंच शिकवलं, आम्ही नाही का टिकलो, असं काही सर अभिमानाने सांगतात. जे टिकले ते सांगायला आहेत सर, जे सोडून गेले ते कुठे येणार सांगायला. माझ्या वर्गातून पहिल्या वर्षानंतर एक मुलगा गेला, त्याच्यासारखं ड्रॉइंग आमच्यात आजही कुणाचं नाही. त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं की तू इथे आलास कशाला. या प्रश्नाचं कुणी काय उत्तर देणार? आम्हाला कठोर बोललेलं चालतं हो. आल्बर्स काही गोड बोलत नव्हते. पण कठोर बोलणं कामाबद्दल असतं आणि त्यात दाखवण्यासारखं काहीतरी असतं, बोट ठेवून, इथे, या कडेला, या रंगाला. नुसता आवाज चढवला म्हणजे दर्जा वाढत नाही.

आणि उलट टोकही तितकंच निरुपयोगी आहे. "छान आहे, चालू ठेव." हे ऐकून बरं वाटतं, संध्याकाळपर्यंत. मग रात्री चित्रासमोर बसलं की कळतं की आपल्याला काहीच मिळालेलं नाही. काय छान आहे? जे छान झालंय ते माझ्याकडून चुकून झालंय का, हे मला माहीत असायला नको?

काही पद्धती तयार आहेत, नव्याने शोधायची गरजच नाही. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शक, त्यांनी १९९० च्या सुमारास क्रिटची एक रीत बसवली, नाचासाठी, पण ती आता चित्र, लेखन, नाटक सगळीकडे वापरतात. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की या कामात त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग ज्याचं काम आहे तो प्रश्न विचारणार, म्हणजे त्याला स्वतःला कुठे अडलंय ते. मग बघणारे प्रश्न विचारणार, पण त्या प्रश्नात मत लपवलेलं नको, "इतकं गडद का केलंस" असं न विचारता "इथे उजेडाबद्दल तुझा काय विचार होता" असं. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही आधी विचारून, मला अमुक गोष्टीबद्दल एक मत आहे, ऐकायचंय का? आम्ही मुलामुलींनी मिळून हे करून बघितलं, तुमच्याशिवाय, संध्याकाळी स्टुडिओत. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं, नाटकी वाटलं. पण त्यातली दुसरी पायरी, काम करणाऱ्याने आधी प्रश्न विचारायची, ती मला फार मोलाची वाटते, कारण मला काय विचारायचंय हे शोधायला मला माझं काम आधी स्वतः बघावं लागतं. तुम्ही हीच पद्धत घ्या असं नाही. शेवटची पायरी मला स्वतःला जरा जास्तच जपून वागणारी वाटते, शिक्षकाने मत द्यायला दर वेळी परवानगी कशाला मागायची. पण क्रिटला काहीतरी रीत असावी, ती आम्हाला आधी माहीत असावी, इतकं तरी.

बोलता येणाऱ्यांचा फायदा हाही एक मोठा विषय आहे. क्रिटमध्ये जो झकास बोलतो त्याचं काम चांगलं दिसायला लागतं, हे तुम्हालाही माहितीय. ज्यांच्या घरात चित्रांबद्दल कधी बोललंच गेलं नाही, ज्यांना लिमिनल, मटेरियॅलिटी, प्रॅक्टिस असले शब्द आयत्या वेळी सुचत नाहीत, ते गप्प राहतात आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ विचार नाही असा काढला जातो. विचार असतो. तो हातात असतो, स्केचबुकात असतो. स्केचबुक उघडून बघा ना एकदा, तिथे दिसेल की शेवटची जागा ठरायच्या आधी तोच हात किती वेळा वेगवेगळा काढून बघितलाय. पण डिस्प्लेच्या दिवशी स्केचबुकं टेबलावर नुसती रचून ठेवलेली असतात, कुणी उघडत नाही. आणि आमच्या साध्या बोलीत आम्ही बोललो तर ते कमी समजू नका. "इथे मला अडकल्यासारखं वाटलं म्हणून मी ते खरवडलं" हे वाक्य कुठल्याही आर्टिस्ट स्टेटमेंटपेक्षा खरं असतं.

शिवाय आता अर्धी कामं तुम्ही पीडीएफमध्ये बघताय. २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, तेव्हा तुम्ही घरून शिकवलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण आता स्टुडिओ उघडे आहेत आणि तरी आधी फाइल पाठवा, त्यावरून शॉर्टलिस्ट, असं होतंय. माणसाच्या उंचीचा कॅनव्हास फोनवर तळहाताएवढा होतो, त्याचा थर, त्याचं टेक्स्चर, त्याच्याजवळ उभं राहिल्यावर अंगावर येणारं त्याचं माप, सगळं जातं. एचिंगच्या, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेल्या, प्रिंटमध्ये प्लेटचा दाब कागदावर उमटलेला असतो तो स्क्रीनवर दिसतच नाही. फाइल बघून कारण सांगितलं तरी ते फाइलबद्दलचं कारण असतं.

मला कळतंय की तुमचीही ओढाताण आहे. वर्गात मुलं जास्त, शिक्षक कमी, त्यातले अर्धे व्हिजिटिंग, सेमिस्टरमध्ये दिवस मोजके, वर अहवाल, मीटिंगा, मार्कांच्या शीट. ज्यांना स्वतःची चित्रं काढायला वेळ मिळत नाही त्यांच्याकडून आम्ही आमच्या चित्रांसाठी वेळ मागतोय हे समजतं. म्हणूनच हे पत्र फक्त शिकवणाऱ्यांना नाही, टाइमटेबल करणाऱ्यांनाही आहे. क्रिट हा तास म्हणून टाइमटेबलमध्ये लिहा. एका दिवशी सगळ्या वर्गाची कामं उरकण्यापेक्षा चार-पाच जणांचीच बघा, बाकीचे तिथे बसून ऐकतील, आणि ऐकून शिकतील, वर ते खोलीचं चित्र सांगितलंच. अमेरिकेतल्या कॅलआर्ट्स या कला शाळेत मायकेल ॲशर हे कलाकार शिकवायचे त्यांचा क्रिट क्लास प्रसिद्धच होता, एकेका विद्यार्थ्याच्या कामावर तासन्‌तास बोलणं चालायचं, सकाळी बसलेले लोक रात्री उठायचे. इतकं आम्ही मागत नाही. पण दोन मिनिटं आणि तो दिवस यांच्यामध्ये कुठेतरी जागा आहे ना?

आणि क्रिटच्या दिवशी मार्क देऊ नका. ज्या माणसाच्या हातात मार्कांची शीट आहे त्याच्यासमोर कुणी खरं अडलेलं सांगत नाही, सगळे काम विकायला लागतात, मीसुद्धा. शिकवायचं एका दिवशी आणि मोजायचं दुसऱ्या दिवशी. मोजाल तेव्हा त्या मार्कांखाली तीन ओळी लिहा, हाताने लिहिल्या तरी चालतील, काय जमलं, काय नाही, आणि ते चित्रात कुठे दिसतंय. एखादी गोष्ट तुम्हाला नुसतीच आवडली नसेल, कारण सापडत नसेल, तर तसंही लिहा, "मला आवडलं नाही, कारण सांगता येत नाहीये". मी ते प्रामाणिक उत्तर म्हणून घेईन आणि मार्क मात्र त्यावरून कापू नका.

आमच्याकडूनही काही द्यायला पाहिजे हे मान्य. काम अर्धवट असताना दाखवायची आमची तयारी नसते, शेवटच्या रात्री पूर्ण करून ओलंच भिंतीला लावतो आणि मग सगळं सांगून झालं तरी बदलायला वेळ उरत नाही. तुम्ही मध्यावर बघायला येणार असाल तर आम्ही मध्यावर दाखवू, स्केचबुकासकट, फसलेल्या कामांसकट. क्रिट चालू असताना स्वतःचं झालं की कॅन्टीनला पळणार नाही, दुसऱ्यांची कामं बघू आणि बोलू.

फायनल डिस्प्ले जवळ आलाय. जूरी बाहेरून येणार, त्यांच्याकडे वेळ कमी असणार, ते ठीक आहे. पण त्यांना निदान एवढं सांगून ठेवा की प्रत्येक भिंतीसमोर, मार्क लिहायच्या आधी, तिथे उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला काय अडलंय ते विचारा आणि चित्रावर बोट ठेवून एक गोष्ट दाखवा. आणि तुमच्यापैकी कुणी एक जण सोबत राहून त्या गोष्टी लिहून घ्या, निकाल लागेल त्याच दिवशी त्या आम्हाला मिळू देत. ज्यांना पुढे मास्टर्स करायचंय त्यांनाही त्या लागतील आणि ज्यांचं चित्र काढणं नोकरीतून उरलेल्या वेळात चालू राहणार आहे त्यांना तर जास्तच लागतील, कारण त्यानंतर त्यांच्या कामासमोर असं कुणी उभं राहणार नाहीये.

तुमची,
पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी